सासूबाईंची ट्रंक, डांबरगोळ्या आणि वीस दिवसांचं बाळ

आलेलं पत्र, थोडं कापून:

"काकू, मी ठाण्याला राहते, वय २७, पहिलं बाळ, मुलगा, आज वीस दिवसांचा झाला. आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच केलं, आणि सासूबाई खरंच खूप करतात माझं, तक्रार नाहीये. पण परवा त्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली, त्यात माझ्या नवऱ्याची लहानपणची झबली, टोपडी, दुपटी आणि आजेसासूबाईंनी शिवलेली गोधडी, आणि सगळ्याला डांबरगोळ्यांचा असा वास की डोळे चुरचुरले. सासूबाई म्हणाल्या ऊन दाखवलं की झालं, सव्वा महिन्याला बारसं आहे तेव्हा ह्याच गोधडीवर बाळ ठेवायचं. एक दुपटं तर त्याच दिवशी वापरलंसुद्धा. मी मोबाईलवर वाचलं की बाळांना हे विष असतं, तसं सांगितलं तर 'आम्ही काय मेलो का, तुझा नवरा ह्यातच वाढला' हे उत्तर. बाळाला चौथ्या दिवशी कावीळ म्हणून दोन दिवस लाईटखाली ठेवलं होतं. आमच्याकडे बेसिनमध्ये, बाथरूममध्ये, कपाटात, गाडीत, जिथे बघाल तिथे ह्या गोळ्या असतात. मी उगाच घाबरतेय का? आणि उगाच नसेल तर सासूबाईंना सांगू कसं? - वासाने वैतागलेली"

अगं वैतागलेली, आधी बाळाचं बोलू, मग सासूबाईंचं, आणि केमिस्ट्री मधेमधे येत राहील कारण अठ्ठावीस वर्षं ज्युनियर कॉलेजात तेच शिकवलंय, सवय जात नाही.

तर, नाही, तू उगाच घाबरत नाहीयेस. ते दुपटं, ती झबली, गोधडी, सगळं आत्ताच्या आत्ता बाळाच्या खोलीतून बाहेर काढ, मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांध आणि गॅलरीत ठेव. खिडक्या उघड. आणि तुमच्या बाळाच्या डॉक्टरांना आजच फोन कर, आजच, उद्या रविवार आहे परवा बघू असं नको. त्यांना तीन गोष्टी सांग, की बाळ वीस दिवसांचं आहे, आधी कावीळ होऊन लाईट दिलेला आहे, आणि डांबरगोळ्यांत ठेवलेलं दुपटं एक दिवस वापरलंय. ते बहुतेक बाळाला घेऊन या म्हणतील, गरज वाटली तर रक्त तपासतील, आणि तू स्वतःहून जी-सिक्स-पीडी ही रक्ताची टेस्ट (कशासाठी ते पुढे सांगते) करायची का ते विचार. आणि हे बघत राहा: बाळ परत पिवळं दिसतंय का, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतोय का, ओठ-तळवे पांढुरके किंवा निळसर पडलेत का, दूध ओढायला कंटाळतंय का, नुसतं झोपून राहतंय का, आणि लंगोट. एवढ्या लहान बाळाची शू जवळजवळ पाण्यासारखी असते, ती गडद पिवळी, चहासारखी किंवा लालसर झाली तर फोनबिन करत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ. हे परिणाम लगेच दिसतात असं नाही, एक ते तीन दिवस लागू शकतात, म्हणून "काल तर काही झालं नाही" ह्यावर विसंबू नये.

आता हे एवढं का, ते सांगते, त्यामागचं कारण कळल्याशिवाय सासूबाईंशी बोलता येणार नाही.

डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन. हिंदीवाले तिला फिनाइलची गोळी म्हणतात पण फिनाइलचा तिच्याशी काही संबंध नाही, आपलं मराठी नाव जास्त बरोबर आहे, कारण ती खरंच डांबरातून येते. दगडी कोळसा हवा न लागू देता तापवला की कोक मिळतो, पोलाद कारखान्यांना तो लागतो, आणि बरोबर काळं चिकट कोलटार निघतं, त्या कोलटारमध्ये साधारण दहा टक्क्यांच्या आसपास हे पांढरंशुभ्र नॅप्थलीन असतं. १८२० च्या आसपास ते पहिल्यांदा वेगळं काढलं, १८२१ मध्ये जॉन किड नावाच्या इंग्रजाने त्याला नाव दिलं, आणि मायकेल फॅरडेने, हो तोच विजेवाला, १८२६ मध्ये त्यात कार्बन-हायड्रोजन किती ते मोजलं. दहा कार्बन, आठ हायड्रोजन, बेंझिनची दोन षटकोनी कडी एका बाजूला चिकटलेली, बस. मुलांना मी फळ्यावर काढून दाखवायचे तर कोणीतरी हमखास म्हणायचं मॅडम मधमाशीचं पोळं. केमिस्ट्रीत ह्याला अॅरोमॅटिक म्हणतात, सुगंधी ह्या अर्थाने नव्हे, त्या कड्यांच्या रचनेमुळे, तरी ह्या पोराला वास आहेच आणि कसा आहे ते तुला सांगायला नको.

आणि त्याची मुख्य गंमत तुला शाळेतून आठवत असेल, संप्लवन. घन पदार्थ मधे पाणी न होता सरळ वाफ होतो. नॅप्थलीन ८० डिग्रीला वितळतं पण त्याच्या खूप आधी, आपल्या नेहमीच्या खोलीच्या तापमानालाच ते हळूहळू हवेत उडत असतं. कपाटातली गोळी दोन-तीन महिन्यांत वाटाण्याएवढी होते ना, ती कुठे जाते? कोणी खात नाही, ती हवेत जाते, कपड्यांत मुरते, आणि तुमच्या नाकातून आत जाते. पाण्यात ते जवळपास विरघळत नाही, तेला-तुपात मात्र मस्त विरघळतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

शरीरात गेल्यावर लिव्हर त्याचे तुकडे करतं, त्यातून जे नॅप्थॉल वगैरे तयार होतात ते रक्ताच्या तांबड्या पेशींवर ऑक्सिडेशनचा मारा करतात. लोखंडाला गंज लागतो तसंच काहीसं समज. आपल्या पेशींकडे हा गंज परतवायला एक एन्झाइम असतं, त्याचंच नाव जी-सिक्स-पीडी. काही जणांमध्ये ते जन्मतःच कमी असतं, आपल्याकडे काही समाजांत जास्त काहींत कमी, आणि बऱ्याच लोकांना आयुष्यभर पत्ताही नसतो कारण एरवी काही त्रासच नसतो. अशा माणसाच्या शरीरात नॅप्थलीन गेलं की तांबड्या पेशी पटापट फुटतात. फुटलेल्या पेशींमधून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य बनतं, तीच कावीळ, आणि वीस दिवसांच्या बाळाचं लिव्हर अजून शिकाऊ असतं, त्याला एवढं झेपत नाही, प्रमाण फार वाढलं तर ते मेंदूत जातं आणि तिथे केलेलं नुकसान परत भरून येत नाही. हे मी तुला घाबरवायला नाही सांगत, पण हे कळलं की मग डॉक्टरांकडे जायला टाळाटाळ होणार नाही. १९६३ साली ग्रीसमधल्या डॉक्टरांनी अशा २१ तान्ह्या बाळांची नोंद छापली होती, बहुतेकांनी गोळी खाल्ली-चाटली नव्हती, नुसता वास, कपड्यांतून पांघरुणांतून, आणि त्यातली दोन दगावली. आणि सगळ्यांत ती एन्झाइमची कमतरता होती असंही नाही, म्हणजे टेस्ट नॉर्मल आली तरी गोधडी परत पाळण्यात आणायची नाही.

टेस्टबद्दल दोन गोष्टी. पेशी फुटत असताना टेस्ट केली तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते, कारण म्हाताऱ्या पेशी आधीच गेलेल्या असतात आणि नव्या तरुण पेशींत ते एन्झाइम जास्त असतं, म्हणून डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी परत करायला सांगू शकतात, वैतागू नकोस. दुसरं, हा जीन एक्स गुणसूत्रावर असतो म्हणून त्रास मुलग्यांना जास्त, आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. हे सासूबाईंना सांगायची अजिबात गरज नाही, नाहीतर "बघ, तुझ्याकडूनच आलं" सुरू होईल आणि डांबरगोळ्या राहतील बाजूला.

आता तेलातुपाचं. तुमच्याकडे मालीशवाली येत असेलच, बाळाला तेलाने चोळून, आंघोळ घालून, शेगडीवर दुपटं गरम करून त्यात गुंडाळत असतील. बघ काय होतंय: नॅप्थलीन मुरलेलं दुपटं शेगडीवर गरम केलं की वाफ जास्त निघणार, आणि अंगाला तेल असलं की ते कातडीतून जास्त आत जाणार. म्हणजे आपली सगळ्यात मायेची पद्धत आणि ही गोळी, दोन्ही एकत्र आलं की सगळ्यात वाईट. त्या एका दिवशी नेमकं असंच झालं होतं का ते आठव आणि डॉक्टरांना तेही सांग.

गोळी पोटात जाण्याची पण गोष्ट सांगून टाकते, आज ना उद्या घरात रांगतं बाळ येणारच आहे. माझा धाकटा भाऊ तीन-चार वर्षांचा असताना त्याने ट्रंकेतली गोळी पेपरमिंट समजून तोंडात टाकली, अर्धी चावून खाल्ली. आजीने काय केलं, ग्लासभर दूध पाजलं, विष मारायला दूध, सगळीकडे तेच करतात. डॉक्टर तिला एवढे ओरडले की ती बिचारी कोपऱ्यात जाऊन रडत बसली. दुधात स्निग्धांश असतो, नॅप्थलीन त्यात विरघळतं आणि आणखी भराभर रक्तात जातं. भाऊ सुटला, चार दिवस शू बघत बसलो सगळे. तर दूध नाही, तूप नाही, तेल नाही, बोटं घालून उलटी काढायची नाही. तोंडातला तुकडा काढायचा, चूळ भरायची, गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्यायचं आणि दवाखान्यात. अॅम्ब्युलन्सला १०८, आणि दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधेची माहिती देणारं केंद्र आहे, टोल फ्री १८०० ११६ ११७, हा नंबर फ्रिजवर लावून ठेव. एन्झाइम कमी असलेल्या लहान मुलाला एक गोळीसुद्धा महागात पडू शकते.

हां, आता सासूबाई.

"आम्ही काय मेलो का" ह्याला उत्तर देऊ नकोस, त्या वाक्याला उत्तर नसतंच, जे राहिले तेच ते वाक्य बोलतात. पण एक सांगू का, तुझ्या सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत आणि तू त्यांना तिथूनच धर. जुन्या बायकांची पद्धत काय होती? पत्र्याची ट्रंक, घट्ट झाकण, वर कुलूप, आत गोळ्या, आणि ती ट्रंक माळ्यावर. माणसं झोपतात त्या खोलीत नाही. वर्षातून एकदा दसरा-दिवाळीच्या आधी सगळं अंगणात काढून दिवस दिवस ऊन दाखवायचं, मगच वापरायचं. गोळीचं काम होतं ते फक्त अशा बंद डब्यात. वाफ साचली, भरपूर साचली, तरच त्यात कसरीची अळी मरते. आपल्या आत्ताच्या वॉर्डरोबला स्लायडिंग दार, बाजूने बोटभर फट, दिवसातून दहा वेळा उघडायचं, तिथे वाफ साचतच नाही, ती सगळी बेडरूममध्ये येते. म्हणजे किडा जिवंत राहतो आणि वास आपण घेतो. कपाट उघडल्यावर वास भपकन आला की आपल्याला वाटतं वा, काम चालू आहे, पण नाकाला तो अगदी थोडासाच असतानाही कळतो, अळीला मारायला त्याच्या कितीतरी पट लागतो.

सासूबाईंना म्हण, "आई, तुमची ट्रंक बरोबर होती, चुकतंय ते आपलं कपाट आणि बेसिन." मी पैजेवर सांगते, भांडण निम्म्यावर येईल.

आणि मग हळूच दुसरी गोष्ट सांग, जी मला स्वतःला सगळ्यात जास्त हसू आणते. कपड्यांचा पतंग असतो ना, त्याची अळी लोकर खाते, रेशीम खाते, पिसं, केस, म्हणजे प्राण्यांकडून आलेलं. निव्वळ सूत तिला पचत नाही. तुझ्या नवऱ्याची झबली मलमलची, दुपटी सुती, गोधडी जुन्या सुती लुगड्यांची, म्हणजे त्या ट्रंकेत एवढी वर्षं गोळ्या टाकल्या त्या जवळपास फुकटच गेल्या. सुती कपड्यांना जी कसर लागते ती बहुतेक वेळा दुसरीच, चंदेरी चपटा किडा, तो खळ आणि कागद खातो, आणि खळ केलेल्या साड्या घडी घालून ठेवल्या की त्याला जेवणाचं ताटच वाढलं जातं. म्हणून सुती साडी ठेवायची असेल तर खळ धुवून काढून ठेवावी. हे सांगितलं की सासूबाईंना नवीन काहीतरी कळल्यासारखं होईल आणि तू शिकवतेयस असंही वाटणार नाही, कारण खळीतलं त्यांना तुझ्यापेक्षा जास्तच कळत असणार.

कपड्यांतून वास कसा काढायचा तर आधी धुवू नकोस. पाण्यात विरघळत नाही म्हणाले ना, तसंच ओलं करून काही उपयोग नाही. आधी तीन-चार दिवस वारं आणि कडक ऊन, दोरीवर मोकळं टाकायचं, घडी घालून कठड्यावर नाही, दिवसातून एकदा उलटायचं, बाळाच्या खिडकीसमोर तर अजिबात नाही. उन्हात ते उडून जातं. मग गरम पाणी आणि साबण, परत ऊन, आणि मग नाक लावून बघ, तुझं नाही, बाहेरून आलेल्या कोणाचं तरी, तुझ्या नाकाला आता सवय झाली असेल. इस्त्रीने पण वास निघतो पण तो निघून खोलीतच येतो, तेव्हा ते बाहेर. झबली-टोपडी अशी निघतील. गोधडीचं मात्र मी स्पष्ट सांगते, आतल्या थरांतून तो लवकर जात नाही, बारशाला ती भिंतीवर छान टांगा, फोटो काढा, आजेसासूबाईंची आठवण म्हणून सगळ्यांना दाखवा, बाळ नवीन धुतलेल्या दुपट्यावर ठेवा. पुढच्या वर्षी पोरगं धावायला लागेल तोवर ती चार उन्हाळी उन्हं खाऊन मोकळी झालेली असेल.

बेसिनमध्ये गोळ्या टाकणं ही तर मला कधीच न कळलेली गोष्ट आहे, आणि मी पण टाकायचे, वर्षानुवर्षं, आईने टाकल्या म्हणून. त्या दुर्गंधी घालवत नाहीत, दुर्गंधीवर स्वतःचा वास चढवतात. वास येतो तो खालच्या बॉटल ट्रॅपमध्ये साचलेल्या चिकट घाणीचा किंवा ट्रॅपमधलं पाणी सुकलं असेल तर थेट गटाराचा. प्लंबरला बोलावून ट्रॅप उघडून घासून घे, न वापरल्या जाणाऱ्या जाळीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओत. झुरळंही ह्या गोळ्यांनी जात नाहीत, ती त्याच्या बाजूने निवांत फिरतात. कोकणात आमच्या गावी पावसाळ्यात घराभोवती डांबरगोळ्या टाकतात साप येऊ नये म्हणून, तेही तसंच, सापाला त्याचं काही नाही, फक्त मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या तोंडाला लागेल अशा जागी विष पडून राहतं. आणि पेट्रोलच्या टाकीत गोळ्या टाकून गाडी जोरात पळते म्हणणारी पोरं माझ्या वर्गात दर वर्षी असायची, त्यांना मी सांगायचे की बाबांनो, थंडीत तेच परत खडे होऊन कुठेतरी अडकलं की ढकलत आणा गाडी.

एक मात्र बघून घे, तुमच्या बाथरूममधली गोळी किंवा वडी नॅप्थलीनचीच आहे का. बाजारात दिसायला तशाच पॅरा-डायक्लोरोबेंझिनच्या पण मिळतात, ते पण अॅरोमॅटिकच, बेंझिनच्या एका कड्याला दोन क्लोरीन लावलेले. ओळखायची सोपी युक्ती आहे. गोळी साध्या पाण्याच्या ग्लासात टाक, तरंगली तर कापूर. बुडाली तर दुसऱ्या ग्लासात कोमट पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत मीठ घाल आणि त्यात टाक, तरंगली तर नॅप्थलीन, तिथेही बुडाली तर डायक्लोरोबेंझिन. ग्लास मात्र नंतर स्वयंपाकघरात परत नको, टाकायचा जुना घे. तान्ह्या बाळाच्या घरात दोन्हीपैकी काहीच नको, पण डॉक्टरांना कोणतं होतं ते सांगता आलेलं बरं. आणि कोणी म्हणेल नॅप्थलीन नको तर बरोबर कापूर पण टाकू, तर कपाटात दोन्ही एकत्र ठेवू नका, एकमेकांना लागले की दोन्ही फार कमी तापमानाला वितळतात, आपल्या उन्हाळ्यात सरळ ओले होतात आणि पैठणीवर तेलकट डाग पडतो. तो काही केल्या निघत नाही, हा अनुभव आहे, पैठणी माझी नव्हती, वहिनीची होती, अजून ऐकते मी.

कापराचं निघालंच आहे तर, गोळ्यांऐवजी कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात किंवा उशाशी बांधतात सर्दीसाठी, ती पण नको. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला काही मिनिटांत फिट येऊ शकते, तो देवघरातच बरा.

मग टाकायचं काय? खरं सांगू, टाकायचं काहीच नाही. रेशमी आणि लोकरीचे कपडे ठेवण्याआधी स्वच्छ करून ठेवणं, ह्याच्याएवढं दुसरं काही चालत नाही. अळीला घामाचे, जेवणाचे डाग फार आवडतात, लग्नात नेसलेला शालू तसाच घडी घालून ठेवला की आमंत्रणच. ऊन दाखवायचं, रेशमाला सावलीतलं वारं, मलमलच्या कापडात गुंडाळायचं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात. वर्षातून दोनदा उघडून घड्या बदलायच्या. छोटे स्वेटर, कानटोप्या असतील तर हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये तीन दिवस ठेव, अळ्या-अंडी मरतात, सासूबाई आधी हसतील मग स्वतःची शाल पण आत ठेवतील. कडुनिंबाचा वाळलेला पाला, लवंग, वेखंड ठेवतात, ठेव, बिघडत काही नाही, पण ते किड्याला थोडं नको नको करतात, मारत नाहीत, तेव्हा त्यांच्या भरवशावर मळके कपडे ठेवू नकोस. आणि खरंच वर्षभर न उघडणारी घट्ट ट्रंक असेल, आत लोकर असेल, आणि ती राहत्या खोल्यांच्या बाहेर असेल, तर मी अजूनही म्हणेन की मोठ्या माणसांच्या घरात चार गोळ्या कापडात बांधून ठेवल्या तर माझी हरकत नाही. युरोपियन युनियनमध्ये २००८ पासून नॅप्थलीनच्या गोळ्या विकायला बंदी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००२ मध्ये त्याला माणसात कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्यांच्या यादीत टाकलंय, खालच्या गटात, म्हणजे पुरावा मुख्यतः उंदरांवरचा आहे. मी गोळीला राक्षस करत नाही. तिची जागा चुकली की ती वाईट.

तसं म्हटलं तर हेच नॅप्थलीन किती ठिकाणी गुपचूप कामाला आहे. कपाटात तर त्याचा अगदी थोडा भाग जातो, खूप मोठा भाग प्लास्टिक मऊ करणारी रसायनं, रंग, आणि काँक्रीट पातळ वाहावं म्हणून त्यात घालायचं लिक्विड ह्यासाठी जातो, तुमच्या बिल्डिंगच्या स्लॅबमध्ये सुद्धा असेल. आणि जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने १८९७ मध्ये नॅप्थलीनपासून सुरुवात करून कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि काही वर्षांत आपल्याकडच्या निळीच्या शेतीचा बाजार बसला. ती युक्ती सापडली पण अपघाताने, भट्टीतला थर्मामीटर फुटला, पारा आत सांडला आणि रिअॅक्शन एकदम पळायला लागली. हे मी वर्गात सांगायला लागले की तास संपायचा, इथेही थांबते.

एक राहिलं, नाजूक आहे पण विचारते. तुला स्वतःला हा वास नकोसा होतो हे बरंच आहे. काही बायकांना बाळंतपणाच्या आगेमागे हा वास हवाहवासा वाटतो, कपाट उघडून हुंगत बसतात, क्वचित कोणी चाटतेसुद्धा. लाज वाटून सांगत नाहीत. बहुतेक वेळा अंगातलं लोह कमी झालेलं असतं, माती खावीशी वाटते तसंच. जावा-नणंदांत कोणी असेल तर हसू नका, हिमोग्लोबिन तपासायला न्या. गरोदरपणी तर अगदी नकोच, वारेतून ते बाळापर्यंत पोचतं.

आणि घरभरच्या गोळ्या गोळा करून टाकताना टॉयलेटमध्ये फ्लश करू नकोस, शेकोटीत जाळू नकोस. घट्ट झाकणाच्या बरणीत भर, बरणीवर मोठ्या अक्षरात "विष, डांबरगोळ्या" लिही, आणि औषधं-बॅटऱ्या-ट्यूबलाइट जिथे वेगळं देता तिथे ते दे, सोसायटीच्या ओल्या-सुक्या डब्यात नको. हे काम तू नको करूस, नवऱ्याला लाव, आणि त्याने नंतर हात साबणाने धुवून मगच पोराला घ्यावं.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव. बारशाला नाव काय ठेवताय तेही.

ता. क. पत्र परत वाचलं, गाडीत पण गोळ्या म्हणाली आहेस. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत किती गरम होतं, आणि उद्या तू बाळाला घेऊन डॉक्टरांकडे त्याच गाडीने जाणार. नवऱ्याला आत्ता खाली पाठव, सीटखालची, डॅशबोर्डमधली, डिकीतली सगळी काढू दे आणि चारही दारं रात्री तासभर उघडी ठेवू दे. वास राहिलाच तर उद्या रिक्षाने जा.